बुटाच्या खोक्यातला मोल्ट्रेस

माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते, तीस वर्षं होऊन गेली. यंदा मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा घर बदलायचं चाललं होतं आणि तळघरातून एकेक खोकं वर येत होतं. त्यात भाच्याचं एक बुटाचं खोकं निघालं. झाकणावर लहान मुलाच्या अक्षरात त्याचं नाव आणि खाली इंग्रजीत 'हात लावू नये'. आत पोकेमॉनच्या कार्डांचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर बँड. रबर इतकं सुकलेलं की बोट लागताच तुटलं, आणि वरच्या कार्डाच्या कडेला त्याचा तपकिरी चट्टा तसाच राहिला.

भाचा आता पस्तिशीत आहे आणि त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तीन कार्डं मांडली गेली. तिन्हींवर एकच प्राणी, मोल्ट्रेस, पंखांतून ज्वाळा निघणारा पक्षी. पहिलं खोक्यातलं, चित्राची चौकट चमचमणारी, कोपरे झिजलेले. दुसरंही खोक्यातलंच, चित्र तेच, पण चमक अजिबात नाही. तिसरं नातीचं, वरपासून खालपर्यंत सोनेरी. मागच्या दिवाळीत ती पुण्याला आली होती तेव्हा पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आजीनेच तिला ते पाकीट घेऊन दिलं होतं.

नातीचं म्हणणं ठाम होतं. "माझंच खरं. ते सोन्याचं आहे. आणि त्याला तीनशे एचपी आहेत, बाबाच्या कार्डाला फक्त सत्तर." एचपी म्हणजे तो प्राणी किती मार झेलू शकतो त्याचा आकडा. भाच्याचं म्हणणं, चमकणारं मौल्यवान असणार, साधं असंच. तो ते चमकणारं कार्ड एका दुकानात दाखवूनही आला होता. तिथल्या माणसाने उभ्या उभ्या बघून दहा डॉलर देतो म्हणून सांगितलं होतं. साधं कार्ड भाच्याने खिशातून बाहेरही काढलं नव्हतं. ताईला एवढंच हवं होतं की खोकं टाकायचं की ठेवायचं ते आज ठरावं.

मला पोकेमॉनमधलं कळतं ते भाच्यामुळे. पण छपाईतलं कळतं. चाळीस वर्षं आमचा प्रेस होता. लग्नपत्रिकांपासून औषधांच्या खोक्यांपर्यंत सगळं छापलं, आणि घडीचं भिंग आजही माझ्या खिशात असतं. कार्ड म्हणजे शेवटी छापलेला, कापलेला, वार्निश केलेला कागद. म्हणून मी म्हटलं, किंमत राहू द्या. आधी हे काय आहे ते बघू, मग कुठल्या छपाईचं, मग कुठल्या अवस्थेतलं. पैशाचा प्रश्न या तिघांच्या पाठीमागून येऊ दे. पुढे जे निघालं ते सगळं या क्रमामुळे निघालं, म्हणून ते त्याच क्रमाने लिहितो.

पक्षी आणि त्याचं कार्ड

पोकेमॉन या काल्पनिक प्राण्यांचे पहिले व्हिडिओ गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. त्यात तीन पौराणिक पक्षी होते, बर्फाचा आर्टिक्युनो, विजेचा झॅपडॉस आणि आगीचा मोल्ट्रेस. इंग्रजी नावांच्या शेवटी स्पॅनिश अंक दडलेले आहेत, उनो, दोस, त्रेस. पोकेमॉनच्या सूचीतही ते ओळीने येतात, १४४, १४५, १४६. जपानीत मात्र मोल्ट्रेसचं नाव सरळ 'फायर' आहे. ताई त्याला फिनिक्स म्हणत होती, आपल्या वर्तमानपत्रांनी तो राखेतून उठणारा पक्षी आपल्याला सवयीचा करून ठेवला आहे. भाच्याने तिला लगेच थांबवलं. मोल्ट्रेस राखेतून उठत नाही. तो जखमी झाला तर ज्वालामुखीच्या लाव्ह्यात अंग बुडवून स्वतःला बरं करतो, असं पुढच्या एका खेळात त्याचं वर्णन आहे. आणखी एका खेळात म्हटलंय की तो दिसला म्हणजे वसंत आला समजावं. मेलेल्यांना जिवंत करण्याशी नातं सांगणारा पक्षी वेगळा, तो हो-ओह. पस्तिशीतल्या माणसाला हे सगळं असं पाठ असलेलं बघून मला बरं वाटलं.

पत्त्यांचा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाला. इंग्रजीत तो जानेवारी १९९९ मध्ये आला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी तो छापत होती. पहिल्या संचानंतर त्याच वर्षी जूनमध्ये 'जंगल' आणि ऑक्टोबरमध्ये 'फॉसिल' हा संच आला. फॉसिलमध्ये ६२ कार्डं. त्यातली पहिली १५ चमकणारी, म्हणजे मुलांच्या भाषेत 'होलो'. आणि १६ ते ३० ही तीच पंधरा कार्डं पुन्हा, पण बिनचमकीची. मोल्ट्रेसचे क्रमांक म्हणून दोन, चमकणारा १२/६२ आणि साधा २७/६२. हा आकडा कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो आणि त्याच्या शेजारी चांदणी. चांदणी म्हणजे दुर्मीळ, चौकट म्हणजे त्याहून कमी, गोल म्हणजे सर्रास मिळणारं. चित्राच्या खाली उजवीकडे संचाचं चिन्ह, फॉसिलचं ते हाडांच्या पंजासारखं दिसतं.

भाच्याची दोन्ही कार्डं या हिशेबात बरोबर बसली. एकावर १२/६२, दुसऱ्यावर २७/६२, दोन्हींवर चांदणी, दोन्हींवर पंजा. पण हिशेब नकलाकारालाही येतो. आकडे बरोबर आहेत एवढ्यावर मी कधीच काही मान्य करत नाही.

सोनेरी कार्ड

सुरुवात मी मुद्दाम नातीच्या कार्डापासून केली. मोठ्यांनी आपलं आधी बघितलं आणि तिचं नंतर, तर निकाल ठरलेलाच आहे असं तिला वाटलं असतं.

'सोनेरी म्हणजे खोटंच' असं म्हणून चालत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने सोन्याचा मुलामा दिलेली सहा कार्डं विकली होती, पोकेबॉल नावाच्या प्लास्टिकच्या चेंडूत घालून. २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त कंपनीनेच धातूची दोन सोनेरी कार्डं काढली, पिकाचू आणि चारिझार्ड. तीनशे एचपीसुद्धा थाप नाही. २०१९ च्या 'हिडन फेट्स' संचात तिन्ही पक्षी एकत्र असलेलं कार्ड आहे आणि त्याचे एचपी तीनशेच आहेत. नातीच्या कार्डावरचं चित्र त्याच कार्डावरून उचललेलं होतं. मोल्ट्रेस पुढे, बाकीचे दोघे मागे.

तरीही ते खरं नाही, आणि त्याची कारणं तिच्या हातात देता आली. बर्गर किंगच्या सहांत मोल्ट्रेस नाही, २०२१ च्या दोनांत नाही, आणि हिडन फेट्समधलं ते कार्ड कागदाचं आहे. तिचं होतं प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं. टेबलावर आपटलं की कडक टक् असा आवाज येत होता. पाठीमागेही सगळं सोनेरी, खऱ्या इंग्रजी कार्डाची पाठ निळी असते. मी भिंग तिच्या डोळ्याला लावलं आणि अक्षरं वाचायला सांगितली. हल्ल्याचं वर्णन अर्ध्यावर तुटलेलं होतं, कारण साच्यात मावेल तेवढंच घेतलं होतं.

पुण्यात, मुंबईत, कुठल्याही शाळेबाहेरच्या दुकानात ही सोनेरी पाकिटं लटकलेली असतात आणि मुलं ती साठवलेल्या पैशांनी घेतात. कुणी खोटं बोलून विकतं असंही नाही, कारण मुळात कुणी काही बोलतच नाही. पण ज्या मुलाने खरं कार्ड कधी हातात धरलेलं नाही त्याला फरक कळणार कसा? मला हे मनापासून लागतं. आमच्या धंद्यात नमुना दाखवल्याशिवाय ऑर्डर घेत नाहीत.

नात रडली नाही. तिने विचारलं, "मग बाबाचं तरी खरं कशावरून?" प्रश्न अगदी रास्त होता.

कागदाच्या पोटात

खोक्यात फायर एनर्जीची कार्डं, म्हणजे खेळात हल्ल्यासाठी लागणारं इंधन, ढिगाने होती. त्यातलं एक आधीच मधोमध दुमडून फाटत आलेलं. ते मी भाच्याला विचारून नातीच्या हातात दिलं आणि म्हटलं, फाड. फाटलेल्या कडेला तिला दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये एक काळपट रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. चांगल्या पत्त्यांच्या कागदात असा गडद थर मध्ये घातलेला असतो, म्हणजे उजेडात धरून समोरच्याचे पत्ते वाचता येऊ नयेत. स्वस्त नकला साध्या आर्ट कार्डवर छापतात, त्यात हा थर नसतो आणि दिव्यासमोर धरल्या की त्या कंदिलासारख्या उजळतात.

मोल्ट्रेस अर्थातच फाडायचा नव्हता. कड उजेडात तिरपी धरून भिंगातून बघितली तर रेघ न फाडताही दिसते. दोन्ही कार्डांत दिसली. फोनचा दिवा मागे धरला, दोन्हींतून सारखाच मंद उजेड आला, फाडलेल्या एनर्जी कार्डातून येत होता तेवढाच.

मग छपाई. मला खरा आनंद इथे झाला. चित्र चार रंगांत छापलेलं असतं, निळा, किरमिजी, पिवळा, काळा, आणि प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या कोनात बसवलेले. चारही नीट बसले की भिंगाखाली ठिपक्यांची बारीक बारीक फुलं दिसतात. मोल्ट्रेसच्या पंखांवर ती फुलं स्वच्छ होती. पिवळ्यावर किरमिजी ठिपके दाट होत गेले तशी ज्वाळा केशरी होत गेली होती. पण खरी परीक्षा चित्रात नसते, अक्षरात असते. मूळ छपाईत अक्षरं काळ्याच्या प्लेटवर सलग घेतलेली असतात, त्यामुळे कड सुरीने कापल्यासारखी येते. नक्कल करणारा छापील कार्ड स्कॅन करतो. स्कॅनमध्ये चित्र आणि अक्षर असा भेद उरत नाही, मग अक्षरंसुद्धा चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतात आणि भिंगाखाली केसाळ दिसतात. मी कार्डाच्या अगदी तळची ओळ बघितली, जिथे १९९५, ९६, ९८ ही वर्षं आणि शेवटी १९९९ विझर्ड्स असं असतं. इतकं बारीक अक्षर नकलेत टिकतच नाही. इथे ते काळं, सलग आणि धारदार होतं.

नातीला मी आधी पंखावरची फुलं दाखवली, मग तळची ओळ, आणि मग तिच्या सोनेरी कार्डावरचं अक्षर. ती बराच वेळ भिंग इकडून तिकडे फिरवत राहिली. "यात ठिपकेच नाहीत," ती म्हणाली. बरोबर होतं. सोनेरी कार्ड छापलेलं नव्हतंच, दाबून उठवलेलं होतं.

चमकणाऱ्या कार्डाने आणखी एक पुरावा स्वतःहून दिला. त्या काळच्या होलो कार्डात चंदेरी फॉइल अख्ख्या दर्शनी भागाखाली असतं, आणि जिथे चमक नको तिथे पांढऱ्या शाईचा थर देऊन वर रंग छापलेले असतात. त्यामुळे कड झिजली की पुढच्या बाजूला पिवळ्याच्या आतून चांदी डोकावते. जमवणारे लोक याला दोष मानतात आणि तो आहेच. पण ओळख पटवताना हाच दोष साक्षीला उभा राहतो. कडेला आठ-दहा ठिकाणी असे चंदेरी कण दिसत होते. साध्या कार्डाच्या कडेला काहीच चमकत नव्हतं, आणि तसंच असायला हवं होतं.

शिक्का

दोन्ही कार्डं खरी, हे ठरल्यावर भाचा उठायला लागला होता. मी साधं कार्ड परत एकदा भिंगाखाली घेतलं, केवळ सवयीने. प्रूफ पास करण्याआधी शेवटची नजर फिरवायची, तशी.

चित्राच्या खाली डाव्या बाजूला एक छोटा काळा गोल होता. आत १ आणि भोवती 'एडिशन'. म्हणजे पहिली आवृत्ती. फॉसिल संच आधी या शिक्क्यासह छापला गेला आणि नंतरच्या छपायांमधून शिक्का गेला. ज्या कार्डावर तो आहे ते पहिल्या, मर्यादित छपाईतलं. चमकणाऱ्या कार्डावर मी तीच जागा बघितली, तिथे नुसती रिकामी जागा.

भाचा परत बसला. एवढी वर्षं कार्ड त्याच्या खोक्यात होतं आणि त्याने ते पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? नऊ वर्षांच्या मुलाने पाकीट फोडलं, मोल्ट्रेस निघाला म्हणून हरखला, आणि चमकत नाही म्हणून बाजूला ठेवला. तेव्हाच्या पाकिटात अकरा कार्डं असत, एकच दुर्मीळ, आणि ते चमकणारं निघण्याची शक्यता साधारण तीनात एक. शाळेच्या बसमध्ये चमकणाऱ्याला भाव होता, शिक्क्याकडे कुणी बघत नव्हतं.

चमकणारा त्याला त्या बसमध्येच मिळाला. त्यासाठी त्याने लॅप्रस नावाचं एक कार्ड आणि जेवणाच्या डब्यातला खाऊ आठवडाभर दिला होता. हे ताईने त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. त्या वर्षी अमेरिकेत कितीतरी शाळांनी ही कार्डं आणायला बंदी घातली होती, भाच्याच्याही शाळेने घातली. मग तो मोल्ट्रेस रोज मोज्यात लपवून नेत असे. वरच्या डाव्या कोपऱ्यावरून आत गेलेली वळी त्या मोज्याची आहे.

अवस्था

कार्डाची अवस्था चार गोष्टींवर बघतात, छपाई कागदाच्या मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. मी स्टीलची पट्टी घेतली. चमकणाऱ्याची डावी पट्टी अडीच मिलिमीटर, उजवी साडेतीन. म्हणजे कापताना गठ्ठा थोडा सरकला होता, हे कार्ड जन्मापासूनच डावीकडे झुकलेलं. चारही कोपरे मऊ पडलेले, पाठीच्या निळ्या रंगावर कडेने पांढरं, फॉइलवर बारीक ओरखड्यांचं जाळं, आणि ती मोज्याची वळी. वळी सगळ्यांत वाईट, कारण कागदाचे तंतूच मोडलेले असतात आणि ते कशानेही सरळ होत नाहीत.

साधं कार्ड मात्र जवळजवळ कोरं. मधोमध छापलेलं, कोपरे टोकदार, पाठीला एका ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. ते गठ्ठ्याच्या मध्ये कुठेतरी होतं, त्यामुळे रबराचा चट्टासुद्धा त्याच्यापर्यंत पोचला नाही. ज्याच्यावर त्या मुलाचा जीव होता ते झिजलं आणि ज्याच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही ते जपलं गेलं. बाजार दुसऱ्याला जास्त मोजतो. मला त्याचं कारण समजतं, पण भाच्याला कुठलं कार्ड जास्त आवडतं हे विचारायची गरज नव्हती. बोलताना सगळा वेळ ते झिजलेलंच त्याच्या हातात होतं.

ताईने इथे सुचवलं, "आता लॅमिनेट करून टाक दोन्ही. कायमची राहतील." आपल्याकडे प्रमाणपत्रापासून रेशनकार्डापर्यंत सगळ्याला हाच उपाय, आणि आमच्या प्रेसमध्ये त्याचं मशीन रोज चालत असे. म्हणूनच मी घाईने नको म्हटलं. गरम रोलरमधून जाताना पाऊचचा गोंद वितळून कागदात शिरतो आणि परत निघत नाही. त्यानंतर ते कार्ड उरत नाही, कार्ड आत असलेला एक प्लास्टिकचा तुकडा उरतो. एकदा एका बाईंनी वडिलांचं हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड आमच्याकडे लॅमिनेशनला दिलं होतं. शाई पसरली. त्यांनी मला काहीच बोल लावला नाही, पण त्या दिवसापासून मी जुनं काही दिसलं की आधी हात मागे घेतो.

कार्ड पुसायचं नाही, इस्त्री तर नाहीच, कोपऱ्यावर रंग लावायचा नाही, कड कापून सरळ करायची नाही. परीक्षण करणाऱ्या कंपन्या असं कार्ड ओळखतात आणि त्याला श्रेणीच देत नाहीत. एक मऊ पातळ पिशवी, तिला 'स्लीव्ह' म्हणतात, आणि तिच्याबाहेर एक कडक पारदर्शक खोळ, तिला 'टॉपलोडर'. दोन्ही मिळून चहाच्या किमतीत येतात. पिशवी मऊ पीव्हीसीची नको, त्यातला मऊ करणारा पदार्थ वर्षांनी बाहेर येऊन चिकटतो. पॉलीप्रॉपिलीनची चालते.

हवेचंही बघायला लागतं. चमकणारं कार्ड टेबलावर ठेवलं की मध्ये किंचित उचललेलं दिसत होतं. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, फॉइल मात्र जसंच्या तसं राहतं, म्हणून कार्ड वाकतं. न्यू जर्सीत हिवाळ्यात घर तापवतात तेव्हा हवा कोरडी पडते, कागद आखडतो आणि कडा मागे वळतात. आपल्याकडे पावसाळ्यात उलट होतं, पाठ फुगते आणि कडा पुढे, फॉइलकडे वळतात. मुंबई-कोकणात ज्यांच्याकडे अशी कार्डं आहेत त्यांनी झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि जून ते सप्टेंबर त्या दोनदा तरी बदलाव्यात. वाकलेलं कार्ड जड पुस्तकाखाली एकदम दाबू नये. सरासरी हवेत चार-सहा दिवस सपाट ठेवलं की बरंचसं आपोआप बसतं.

श्रेणी घ्यायची का?

आता पैशाचा प्रश्न. अमेरिकेत कार्डांचं परीक्षण करून, १ ते १० श्रेणी देऊन, प्लास्टिकच्या सीलबंद चौकटीत घालून देणाऱ्या कंपन्या आहेत. सगळ्यांत मोठी पीएसए, १९९१ पासूनची. २०२० मध्ये लोक घरी बसले, सगळ्यांनी आपापली बुटाची खोकी उघडली, आणि मार्च २०२१ मध्ये कामाच्या ढिगाखाली पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने कार्डांवरून झालेल्या मारामारीनंतर दुकानातली विक्री थांबवली. भाच्याच्या डोक्यात भावाचे आकडे होते ते त्या दिवसांतले.

आम्ही सरळ हिशेब केला. परीक्षणाची फी, जायचं-यायचं टपाल, विमा. झिजलेल्या, वळी पडलेल्या, शिक्का नसलेल्या होलोला श्रेणी खालचीच मिळणार, आणि तेवढ्यासाठी खर्च त्याच्या किमतीच्या पुढे जाणार. ते पाठवायचं नाही. याबद्दल मला जराही शंका नव्हती.

साध्या कार्डाबद्दल शंका होती. पहिली आवृत्ती आणि उत्तम अवस्था, पण बिनचमकीचं. वरची श्रेणी आली तर खर्च निघेल, एक पायरी खाली आली तर नाही. माझं मत असं पडलं की विकायचं असेल तरच श्रेणी घ्यावी. सीलबंद चौकट विकत घेणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी असते, आणि ज्याला विकायचंच नाही त्याला कुणाची खात्री पटवायची आहे? भाचा म्हणाला, "मामा, विकायचं नाहीये." मग ते स्लीव्हमध्ये आणि टॉपलोडरमध्ये गेलं, आणि टॉपलोडरवर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठीवर मी क्रमांक, आवृत्ती आणि तपासल्याची तारीख लिहिली. दुकानदाराच्या दहा डॉलरांबद्दल माझी तक्रार नाही, त्या होलोसाठी आकडा फार चुकीचा नसेल. तक्रार आहे ती नीट न बघता भाव सांगण्याबद्दल.

चार एनर्जी

चमकणाऱ्याचं काय करायचं ते नातीने ठरवलं. तिने विचारलं, "पण हे करतं काय?"

एवढ्या तपासणीत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. कार्ड खेळण्यासाठी केलेलं असतं. मोल्ट्रेसला सत्तर एचपी आहेत, दुबळेपणा कशालाच नाही, लढाऊ पोकेमॉनचा मार त्याला तीसने कमी लागतो. दोन हल्ले. 'डाइव्ह बॉम्ब'ला चार फायर एनर्जी लागतात, ऐंशीचा मार बसतो, पण नाणं उडवायचं आणि काटा पडला तर काहीच नाही. मुलं त्याच्याच मागे लागायची. दुसरा हल्ला 'वाइल्डफायर', त्याला एकच एनर्जी पुरते आणि त्याने कुणालाच मार बसत नाही. मोल्ट्रेसवर लावलेली फायर एनर्जी हवी तेवढी टाकून द्यायची, आणि जितकी टाकाल तितकी कार्डं समोरच्याच्या गठ्ठ्यातून वरच्या वर जळून जातात. खरोखर वणवाच.

यात काय गंमत आहे ते खेळाचा नियम आठवला की कळतं. गठ्ठा साठ कार्डांचा. सात हातात, सहा बक्षिसाची बाजूला, उरली सत्तेचाळीस. आपल्या पाळीला सुरुवातीला कार्ड उचलायला उरलं नाही की हरलात. आणि त्या काळात सगळ्यांच्या गठ्ठ्यात 'प्रोफेसर ओक' असायचंच, हातातली सगळी टाकून नवी सात ओढा. म्हणजे समोरचा जोरात खेळतो तसा स्वतःचाच गठ्ठा भराभर संपवत असतो. मोल्ट्रेसने फक्त वाट बघायची. अडचण एकच, पाळीला एकच एनर्जी लावता येते, आणि चार जमेपर्यंत समोरच्याने लावलेली एनर्जी काढून टाकणारं 'एनर्जी रिमूव्हल' टाकलं तर मेहनत वाया. भाचा म्हणाला की हे त्याला वयाच्या नवव्या वर्षी कधी सुचलंच नाही, तो नाणं उडवत राहिला.

त्या रात्री खोक्यातून दोन गठ्ठे बांधले. होलो मोल्ट्रेसला स्लीव्ह घातली आणि तो भाच्याच्या गठ्ठ्यात गेला. सोनेरी कार्ड नातीने आपल्या गठ्ठ्यावर नशिबासाठी ठेवलं, खेळात नाही. ताई भांडी पुसत पुसत उभ्याने बघत होती, मग खुर्ची ओढून बसली.

नात सुरेख खेळली. तिने तीन बक्षिसं घेतली, दोनदा ओक टाकला, दोन्ही वेळा नवी सात कार्डं ओढताना जागेवर उड्या मारल्या. भाच्याचा मोल्ट्रेस मागच्या रांगेत बसून होता, दर पाळीला एकेक एनर्जी अंगाखाली घेत. चौथी लागली तेव्हा त्याने तिचा गठ्ठा बोटाने हलकेच मोजला. सहा उरली होती. तिने आपल्या पाळीला एक उचललं, त्याचं पुढचं कार्ड पाडलं, चौथं बक्षीस उचललं, आणि मोल्ट्रेस पुढे आला.

"वाइल्डफायर," भाचा म्हणाला आणि चारही एनर्जी एकेक करून टेबलावर ठेवल्या. नातीने वरची चार कार्डं उलटी करून बाजूला टाकली. एक उरलं. ते तिने आपल्या पाळीला उचललं, मोल्ट्रेसवर हल्ला केला, चाळीसचा मार दिला. भाच्याने एक एनर्जी लावली आणि पाळी सोडली.

तिने गठ्ठ्याच्या जागी हात नेला. टेबलाची काच होती. ती दोन क्षण हाताकडे बघत राहिली, मग मोल्ट्रेसकडे, मग बापाकडे.

"आता तो मला दे," ती म्हणाली, आणि पत्ते पिसायला घेतले.